स्ट्रेस दाखवणारा बँड : सात-आठ महिने वापरल्यावर

पॅनिक अटॅकसाठी माझी गोळी आणि काउन्सेलिंग आधीपासूनच चालू होतं. बँड त्यांच्या जोडीला घेतला, त्यांच्याऐवजी नाही. घरी मात्र उलटाच समज झाला. "आता घड्याळ आहे ना हातात, मग गोळ्या कशाला गं?" सासूबाईंचं पालुपद. पाहुणे आले की गोळ्यांची स्ट्रिप उशीखाली जाते आणि बँड कौतुकाने दाखवला जातो.

बँडला मनातलं काही कळत नाही. खालचा हिरवा दिवा मनगटातल्या रक्तप्रवाहाचे चढउतार टिपतो. दोन ठोक्यांमधलं अंतर किती कमीजास्त होतंय, यावरून 'स्ट्रेस स्कोअर' निघतो. म्हणजे शरीर चेतलंय एवढंच समजतं, कशाने ते नाही. विसर्जन मिरवणुकीत ढोल-ताशापुढे मनसोक्त नाचत होते, तर हा म्हणे 'ताण जास्त, जरा थांबा'. अप्रेझलच्या दिवशी पोटात गोळा आलेला, तेव्हा बँडसाहेब निवांत!

खऱ्या अटॅकमध्ये स्क्रीनवर नाडी १३० दिसली की भीती आणखीच चढायची. काउन्सेलरने सांगितल्यावर नाडीचे अलर्ट बंद केले, फक्त श्वासाचं कंपन ठेवलं. चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, त्या लयीत मनगटावर हलकी थरथर. गच्च भरलेल्या बसमध्ये उभ्याउभ्या, डोळे उघडे ठेवून, शेजारणीला पत्ता न लागता हे करता येतं. माझे पैसे इथे वसूल झाले.

डॉक्टरांनी स्ट्रेस स्कोअरकडे ढुंकूनही पाहिलं नाही. झोपेचा आलेख मात्र नीट बघितला : किती वाजता पडते, मध्ये कितीदा उठते. गाढ झोप वगैरे टप्पे अंदाजाचेच, असंही म्हणाले. उपचार म्हणून परवानगी मिळालेली साधनं वेगळी. अमेरिकेत एफडीएने २०२० मध्ये 'नाइटवेअर' नावाच्या साधनाला मंजुरी दिली. पीटीएसडीसारख्या (मोठ्या आघातानंतर जडणाऱ्या) आजारात पडणाऱ्या भयानक स्वप्नांची चाहूल लागली की त्यातलं घड्याळ थरथरतं, स्वप्न मोडतं पण झोप मोडू नये इतपतच. तेही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. माझ्या बँडच्या खोक्यावर 'वैद्यकीय उपकरण नाही' असं बारीक अक्षरात छापलंय, ते कोण वाचतं!

ऑफिसात वेलनेस योजना आली : बँड जोडा, पॉइंट मिळवा. सगळ्यांनी हौसेने जोडला, मी टाळलं. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचार करणाऱ्यांवर गुप्ततेचं बंधन आहे, पण बँडवाली कंपनी काही माझ्यावर उपचार करत नाही. रात्री तीनला मी जागी असते, हे मॅनेजरला कशाला कळायला हवं? कुणी विचारलंच तर 'पावलं मोजते' म्हणते आणि विषय संपतो. डायबेटिसवाल्या सहकाऱ्याला दंडावरच्या साखर मोजणाऱ्या सेन्सरबद्दल अशी थाप मारावी लागत नाही, याचा राग येतो खरा.

उन्हाळ्यात रबरी पट्ट्याखाली पुरळ उठलं, म्हणून कापडी पट्टा घेतला. पुढच्या भेटीपासून डॉक्टर गोळीचा डोस कमी करून बघणार आहेत. तेव्हा झोपेचे आलेख लागतील, त्यामुळे तोवर तरी बँड काढत नाही.