बीएक्स दातेरी पट्टा: चांगला, पण हिशेब करून घ्या

बीएक्स म्हणजे मोटरच्या पुलीवरून यंत्र फिरवणारा व्ही-पट्टा. १० एचपीच्या मोटरला १० एचपीचाच पट्टा लावला की फसलात. हॅमर मिलला, म्हणजे हातोड्यांनी भरडणाऱ्या गिरणीला, भार धक्क्याधक्क्याने येतो, म्हणून मोटरच्या एचपीला १.४ ने गुणा, निवड १४ एचपीवर करा. १७ मिमी रुंदीचा हा पट्टा आतून दातेरी, त्यामुळे लहान पुलीवर सहज वळतो आणि कमी तापतो. बिनदातेरी साध्या ‘बी’ मापाच्या पट्ट्यापेक्षा महाग, तरी पैसे वसूल. मात्र पुलीच्या खाचेचा तळ चकाकत असेल, म्हणजे पट्टा तळाला टेकत असेल, तर हाही घसरणारच. पट्टा कडांवर धरतो, तळावर नव्हे. शेजारीशेजारी तीन पट्टे असतील तर तीनपैकी एकच बदलू नका, जुने सैल पडलेले असतात, ओढ सगळी नव्यावर. पुल्यांमधल्या ५०० मिमी मोकळ्या पट्ट्याला, ठरलेल्या जोराने दाबल्यावर, ८ मिमी झोल हवा. फार आवळलात तर आधी बेअरिंग बोंबलतं.