साताऱ्यात स्मृतिफलक कोरून घेताना: एका दुकानाच्या कामाचा अनुभव

साताऱ्याहून कोरेगावकडे जाणाऱ्या रस्त्यालगत ग्रॅनाइटच्या कोनशिला, घरांच्या पाट्या आणि स्मृतिफलक कोरून देणारी काही दुकाने आहेत. त्यांपैकी एकाकडून आमच्या गावाने यंदा पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या सैनिकांच्या नावांचा फलक करून घेतला. काम अखेरीस चांगले झाले, परंतु ते तीन आठवडे उशिरा आणि एक दगड वाया गेल्यानंतर हाती आले. दुकानाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण तिथे झालेली चूक या व्यवसायात कुठेही होऊ शकते.

आमच्या चावडीच्या भिंतीत इंग्रजी अमदानीतील एक संगमरवरी पाटी आहे. या गावातून इतके पुरुष १९१४-१९१९ च्या महायुद्धावर गेले आणि त्यांपैकी सात जणांनी प्राण दिले, एवढाच तिच्यावरील मजकूर. (लढाई नोव्हेंबर १९१८ मध्ये थांबली, तरी व्हर्सायच्या तहावर सह्या जून १९१९ मध्ये झाल्या, म्हणून ते साल.) अशा पाट्या त्या काळी अनेक गावांत बसवल्या गेल्या आणि त्या आकडा सांगतात, नावे सांगत नाहीत. ज्या अपशिंगे गावाला आज सगळे ‘मिलिटरी’ म्हणूनच ओळखतात, तेथील ४६ जण त्या युद्धात कामी आले; त्या मानाने आमचा आकडा लहान, पण नावे आम्हांला हवी होती.

ती कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन या, महायुद्धांत कामी आलेल्या सैनिकांच्या कबरी आणि स्मारके सांभाळणाऱ्या संस्थेच्या नोंदींत मिळाली. तिथे शिपायाच्या नावापुढे पलटण, वडिलांचे नाव, गाव आणि तालुका असतो. सातांपैकी सहा सापडले आणि त्यांतील तिघे इराकमधील बसरा स्मारकाच्या, म्हणजे त्या आघाडीवर मेलेल्या पण कबर ठाऊक नसलेल्या सैनिकांच्या, यादीतले निघाले. पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमधील १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ च्या शरणागतीपर्यंत इराकमधील कुत येथे तुर्कांच्या वेढ्यात अडकल्या होत्या, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही. बसऱ्याच्या त्या स्मारकावरसुद्धा हिंदी शिपायांची नावे दगडावर नाहीत. पलटणीखाली केवळ संख्या आहे आणि नावे नोंदवहीत आहेत.

आता दुकानाविषयी. मालकांनी दगड दाखवताना घाई केली नाही. काळ्या ग्रॅनाइटवर पाणी टाकून त्यातील शीर आणि ठिपके त्यांनी स्वतःच दाखवले, आणि सोनेरी रंग दक्षिणेकडच्या उन्हात लवकर उडतो, तेव्हा अक्षरे खोल घ्या आणि रंग पांढरा भरा, हा त्यांचा सल्ला आम्ही मानला. कोरण्याचे काम हल्ली सँडब्लास्टिंगने होते: संगणकावर कापलेले स्टिकर दगडावर चिकटवायचे, अक्षरांपुरता भाग सोलून काढायचा आणि त्यावर दाबाने वाळू मारायची. देवनागरीत अडचण अशी, की ‘भ’ आणि ‘ध’ यांच्या पोटातील स्टिकरचा बारीक तुकडा सुटला, तर ते अक्षर भरून जाते. इथे एकही अक्षर तसे बिघडलेले नाही, याचे श्रेय कारागिरांना दिले पाहिजे.

घोटाळा झाला तो अक्षरजुळणीत. आम्ही मजकूर मोबाइलवरून युनिकोडमध्ये पाठवला, त्यांच्या संगणकावर युनिकोड न चालणारा जुना फाँट होता, आणि रूपांतर करताना ‘कृष्णा’मधला ऋकार गळून ‘कष्णा’ झाले. प्रूफ मोबाइलच्या पडद्यावर पाहून आमच्यातील एकाने ‘ठीक आहे’ असे कळवले होते, त्यामुळे सगळा दोष दुकानावर टाकणे योग्य नव्हे. मात्र कागदावर पूर्ण आकाराचे प्रूफ काढून द्या, अशी विनंती आम्ही दोनदा केली होती आणि ती टाळली गेली. दुसऱ्या दगडाचा निम्मा खर्च त्यांनी सोसला, तोही बऱ्याच बोलाचालीनंतर.

एक शंका मात्र मालकांनीच काढली आणि ती मोलाची ठरली. इंग्रजी नोंदीवरून आम्ही एक नाव ‘बाला’ असे लिहून दिले होते. रोमन लिपीत ल आणि ळ यांना एकच अक्षर, तेव्हा हा गडी ‘बाळा’ असणार, घरच्यांना विचारून या, असे त्यांनी सांगितले. भावकीतील एका आजींनी त्यांचे म्हणणे खरे ठरवले.

न सापडलेल्या नावाच्या सातव्या ओळीत वेलबुट्टी भरून देण्याची तयारी त्यांनी दाखवली होती, पण आम्ही ती ओळ रिकामी ठेवली. दर अक्षरावर असल्यामुळे तिचे पैसे लागले नाहीत. पुढे नाव सापडले, तर बसवलेल्या फलकावर ते छिन्नीने जागेवरच कोरावे लागेल आणि तसे काम करणारे एक वयस्कर कारागीर त्यांच्याकडे अजून आहेत. त्यांची मजुरी आणि येण्याजाण्याचा खर्च आम्ही आजच्या दराने बिलावर लिहून घेतला आहे.