खडेबाजारात घेतलेला अडीचशेचा सेल्फी लाईट

तीन महिने वापरून मग लिहायलोय, पहिल्याच दिवशी दुकानातनं बाहेर पडून लिहिलो असतो तर पाचात पाच दिलो असतो. मोबाईलला वरनं चिमट्यासारखा लावायचा गोल लाईट असतोय बघा, बांगडीएवढा, तो. बेळगावात खडेबाजारात एका दुकानात ३०० सांगिटला, २५० ला घेतलो. ब्रँड बिँड काय नाही. दुकानदारानं दाखवला तो पण भर ट्यूबलाईटखाली, तिथं मेणबत्ती धरली तरी फोटो चांगलाच येणार की!

घेतलो कशाला तर शिवजयंतीची मिरवणूक. आपल्याकडची म्हणजे १९ फेब्रुवारीची नव्हे, वैशाखातली, आणि चित्ररथ रात्रभर चालतात हे बेळगावकरांना सांगायला नको. गेल्या वर्षीचे सगळे फोटो वाया, मागं चित्ररथ झगझगीत आणि आमची तोंडं तव्याच्या बुडासारखी. उजेड सगळा पाठीवर, कॅमेरा त्याच उजेडाला बघून सेट होतोय आणि आपण राहतो अंधारात. त्यात पुढच्या कॅमेऱ्याचा सेन्सर बारका, उजेड कमी पडला की शटर जास्त वेळ उघडं ठेवतोय, तेवढ्यात हात हलला की फोटो पुसट, नाहीतर आयएसओ, म्हणजे कमी उजेडात फोटो उजळ करायची सेटिंग, वाढवून तोंडावर रवा सांडल्यासारखं करून सोडतोय.

तर रामदेव गल्लीत पहिला फोटो फुल्ल ब्राईटवर काढलो. अक्काच्या चष्म्यात दोन पांढऱ्या बांगड्या, माझं नाक चकाकायलंय, आणि ज्याच्यासाठी एवढं केलो तो चित्ररथच गायब, मागं नुसता काळोख. अक्का म्हणाली, "हे काय गा, पासपोर्टचा फोटो काढायलायस काय?" मागं उभारलेले काका तर दिसलेच नाहीत. लाईटपासनं अंतर दुप्पट झालं की उजेड निम्मा नाही, चौथाई होतोय, त्यामुळं हातभर अंतरावरची एक-दोन तोंडं एवढीच याची ताकद. दहाजणांच्या ग्रुपसाठी घेणार असाल तर नकोच.

नंतर चुकत चुकत जमलं ते असं. लाईट सगळ्यात कमीवर ठेवायचा आणि फोनला लावायचाच नाही, डाव्या हातात धरायचा, डोळ्याच्या थोडा वर आणि कडेला, म्हणजे चष्म्यातल्या बांगड्या जातात. त्यावर मी कुंद्याच्या मिठाईच्या डब्यातला बटर पेपर गुंडाळलो, हसू नका, उजेड असा मऊ पडतोय की बस्स. रंग तीन आहेत, गल्लीत पिवळ्या माळा असतील तर पिवळाच लावा, पांढरा लावला की तोंड निळसर आणि मागचं सगळं नारिंगी. आणि नाईट मोड चालू पायजेच, तो दोन-तीन सेकंदात बरेच फोटो घेऊन त्याचा एक करतोय म्हणून मागचा चित्ररथ पण उमटतोय, फक्त तेवढा वेळ खांबाला टेकून गप उभारायचं, बटण दाबताना फोन हलतोय म्हणून टायमर लावायचा. ढोल वाजायला लागला की मात्र कोण गप उभारतंय! अजून एक, आधी कॅमेऱ्याची काच पुसा. माझ्या निम्म्या फोटोतलं धुकं म्हणजे बोटाचं तेल आणि गुलाल होता.

आता तक्रारी. डब्यावर दोन तास लिहिलंय, फुल्लवर चाळीस मिनिटात विझतोय. चार्जिंगची पिन जुनी बारकी, घरात सगळ्यांचे टाईप-सी, त्यामुळं बाबांच्या जुन्या फोनची वायर शोधत बसलो. फोनला लावला की चिमटा नेमका टायमरच्या बटणावर बसतोय. महिन्याभरात त्याचा स्पंज निघून आला, दुकानात घेऊन गेलो तर "याला गॅरंटी नसतीय सर" म्हणून मोकळा.

एकट्याचाच फोटो काढायचा असला तर हे अडीचशे पण घालवू नका, पुढच्या कॅमेऱ्याचा फ्लॅश चालू केला की स्क्रीन पांढरी होतीय, तेवढा उजेड पुरतोय. नाहीतर दोस्ताला त्याच्या मोबाईलचा टॉर्च रुमालाआडनं धरायला सांगा, फरक ओळखू येणार नाही.

माझ्याकडनं पाचात तीन. परवा पावसात करंट गेला तेव्हा आई हाच लाईट परातीला लावून तांदूळ निवडत बसलेली, तिच्याकडनं पाचात पाच.