अर्ध्या रिकाम्या बाटलीवरून झालेला वाद : रोटाव्हेटरच्या बोल्टांना निळे थ्रेडलॉकर, आठ महिन्यांनंतर

गेल्या आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी, यावल तालुक्यातील आमच्या रानात केळीची जुनी बाग मोडताना रोटाव्हेटरचे (ट्रॅक्टरमागे जोडून माती भुसभुशीत करायच्या यंत्राचे) एक पाते निखळून शेजारच्यावर आदळले आणि दोन्ही वाकली. सहा फुटी यंत्राच्या बेचाळीस पात्यांचे चौऱ्याऐंशी नट मी दर आठवड्याला आवळत होतो आणि खाली नट सैल होऊ नये म्हणून घालतात ती चिरलेली चकती, म्हणजे स्प्रिंग वॉशर, आहे म्हणून निश्चिंत होतो. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्येच दाखवून दिले होते की नट सैल होतो तो मुख्यतः आडव्या धक्क्यांनी. जोडलेले भाग एकमेकांवर सरकले की आट्यांमधली पकड सुटते आणि नट आपोआप उलटा फिरतो. पाते दगडावर आपटते तेव्हा नेमके हेच होते, आणि आवळून सपाट झालेला स्प्रिंग वॉशर ते रोखू शकत नाही.

सहज सैल न होणारे नायलॉक नट हा एक उपाय होता, पण त्यांच्या आतली नायलॉनची कडी दर उघडझापीला झिजते, आणि दर हंगामाला चौऱ्याऐंशी नवे नट घेणे माझ्या हिशेबात बसत नव्हते. म्हणून मध्यम ताकदीच्या निळ्या थ्रेडलॉकरची, म्हणजे आट्यांना लावून नट जखडून ठेवणाऱ्या द्रवाची, दहा मिलिची बाटली आणली. ती उघडली तर जेमतेम अर्धी भरलेली. शिवाय डब्याच्या प्लॅस्टिकच्या झाकणावर टाकलेला थेंब तीन दिवस ओलाच राहिला, तेव्हा माल नकली असल्याची माझी खात्री पटली आणि मी दुकानदाराला चारचौघांत बरेच बोललो. घरी येऊन द्रव सिरिंजमध्ये ओढून मोजला, तर तो पुरता दहा मिलि भरला.

उलगडा गावातल्या मिस्त्रीने केला. हा द्रव हवेत सुकत नाही. हवा तुटली आणि धातूचा स्पर्श मिळाला तरच आट्यांमध्ये घट्ट होतो. बाटलीतली मोकळी जागा त्याला पातळ ठेवण्यासाठीच असते.

तरीही पहिली खेप वाया गेली, कारण जुन्या बोल्टांवरचे ग्रीस मी फक्त फडक्याने पुसले होते. दुसऱ्या वेळी थिनरने आटे धुतले, अर्ध्या पात्यांना निळा द्रव लावला, उरलेल्यांना केवळ वॉशर ठेवले आणि चोवीस तास यंत्र हलवले नाही. मकरसंक्रांतीला तपासले तेव्हा द्रव लावलेला एकही नट हलला नव्हता. दुसऱ्या बाजूचे नऊ सैल होते. निळे नट उघडताना पान्याला थोडा नेट लावावा लागला, आट्यांतून पांढुरका भुगा पडला, इतकेच.

जास्त ताकदीचा लाल प्रकार मात्र मी पुन्हा घेणार नाही. मी तो गिअरबॉक्सच्या स्टडला (बिनडोक्याच्या बोल्टला) लावला. सोडवताना सुमारे अडीचशे अंशांपर्यंत तापवावे लागले आणि शेजारचे ऑइल सील जळाले.

निळ्याची दुसरी बाटली आणली आहे, पण त्या दुकानात मी गेलो नाही, पुतण्याला पाठवले.