दादरचं फ्रेमचं दुकान आणि बाबांच्या वहीतले सुभाष गुप्ते

रिव्ह्यू दुकानाचाच आहे, पण फ्रेम कशाची केली ते आधी सांगतो, नाहीतर मी एवढा खूश का आहे ते कळणार नाही.

बाबा रेडिओवर कॉमेंट्री ऐकत वहीत स्कोर लिहायचे. त्यातली दोन पानं मला सापडली. पहिलं डिसेंबर १९५८ चं, कानपूर, वेस्ट इंडिज २२२ ऑल आउट. गो. (म्हणजे गोलंदाज) गुप्ते, गो. गुप्ते, गो. गुप्ते, असं खाली खाली तब्बल नऊ वेळा! १०२ रन्समध्ये ९ विकेट्स, टेस्टच्या एका इनिंगमध्ये नऊ घेणारे ते पहिले भारतीय, आणि समोर सोबर्स, कन्हाय अशी माणसं. फक्त गिब्जच्या नावापुढे गो. रांजणे, आणि त्याच्या बाजूला बारीक अक्षरात बाबांनी लिहिलंय, "ताम्हाणेंकडून सुटला". ताम्हाणे म्हणजे आपले विकेटकीपर, आणि गुप्त्यांच्याच बॉलवर सुटलेला तो कॅच. तो धरला असता तर दहाच्या दहा झाले असते, कुंबळेने दहा घेतल्या त्याच्या ४० वर्षं आधी. आपणही २२२ लाच आउट झालो आणि मॅच २०३ रन्सनी हरलो, तेही बाबांनी इमानदारीत लिहून ठेवलंय.

दुसरं पान परत कानपूरचंच, डिसेंबर १९६१, इंग्लंड. गुप्ते ९० रन्समध्ये ५, आणि इंग्लंडला आपल्याविरुद्ध पहिल्यांदाच फॉलोऑन, म्हणजे रन्स फार कमी पडल्यामुळे लगेच परत बॅटिंग. पुढची दिल्लीची टेस्ट गुप्त्यांची शेवटची ठरली. तिथे हॉटेलच्या रिसेप्शनवरच्या मुलीने तक्रार केली की त्यांच्या रूममधून फोन करून ड्रिंकसाठी बोलावलं. फोन केला होता रूममेट कृपाल सिंगनी, पण टीमबाहेर दोघंही, आणि पुढच्या वेस्ट इंडिज दौऱ्यावरही घेतलं नाही. रूममेटला थांबवलं का नाहीस, असं गुप्त्यांना विचारलं म्हणे! वय ३२, ३६ टेस्टमध्ये १४९ विकेट्स, दोन प्रकारचा गुगली (उलट्या दिशेने वळणारा बॉल) टाकणारा लेगस्पिनर, ऐन भरात असताना असा घालवला आपण. पुढे ते बायकोच्या गावी त्रिनिदादला राहिले आणि २००२ मध्ये तिथेच गेले. मला आजही राग येतो या गोष्टीचा.

आता दुकान. दादर वेस्टला, रानडे रोडच्या आतल्या गल्लीत, बोर्ड पार झिजलाय, देवांच्या तसबिरी बाहेर टांगलेल्या दिसतील तेच. आधी मी घराजवळ एका ठिकाणी गेलो होतो, तो म्हणाला लॅमिनेशन करून टाका, स्वस्तात होईल, नशीब मी पानं परत घेऊन आलो. इथल्या काकांनी पान हातात घ्यायच्या आधी हात पुसले. मग उजेडाला धरून बघितलं आणि म्हणाले, "साहेब, शाई जुनी आहे, काच टेकू द्यायची नाही." सेलोटेप नाही, फेव्हिकॉल नाही, गव्हाच्या पिठाची खळ करून पातळ कागदाच्या दोन छोट्या पट्ट्यांवर वरच्या बाजूने पान टांगलं, म्हणजे उद्या काढायचं म्हटलं तरी फाटणार नाही. जाड माउंट (पुठ्ठ्याची चौकट) टाकलाय त्यामुळे काच आणि कागद यात अंतर राहतं. मागून प्लाय आणि कडेने कागदी टेप, कसर लागू नये म्हणून.

मी फक्त १९५८ चं पान लावणार होतो. काकांनी दोन्ही वाचली, शिवाजी पार्कचा माणूस ना, म्हणाले दोन्ही शेजारी शेजारी लावा, एकाच फ्रेममध्ये दोन खिडक्या कापतो. खरंच बरोबर होतं त्यांचं.

खर्च १,८५० रुपये, साध्या सागाच्या पट्टीत. स्वस्त नाही, पण कामाच्या मानाने अजिबात जास्त नाही. तक्रार एकच, चार दिवस सांगून नऊ दिवस लावले आणि फोन उचलत नाहीत, त्यामुळे घाईचं काम असेल तर देऊ नका. दुपारी एक ते चार बंद असतं. पार्सल मात्र कोपऱ्यांना पुठ्ठा लावून इतकं नीट बांधलं होतं की लोकलमधून आणलं तरी काही झालं नाही.

घरी भिंतीवर लावल्यावर आईने चष्मा लावून सगळं वाचलं आणि "सुटला" वर काचेवरूनच बोट ठेवलं. म्हणाली, त्या दिवशी हे जेवले नव्हते.