यूएसबी डीव्हीडी रायटर: बाबांच्या नाटकांच्या सीड्यांसाठी घेतला (टीव्हीला लागत नाही, आधीच सांगते)

तीन महिने वापरून मग लिहितेय. लॅपटॉपला बाहेरून लावून सीडी-डीव्हीडी चालवायचा डीव्हीडी रायटर, सोळाशेला पडला. कंपनीचं नाव घेत नाही कारण या किमतीतले सगळे सारखेच असावेत असा माझा अंदाज. काळा, चपटा, आणि इतका हलका की पार्सल हातात घेतल्यावर वाटलं रिकामा खोका पाठवला की काय.

घ्यायचं कारण आई. ती एका ॲपवर एक जुनं नाटक बघत होती, रोज रात्री जेवणं आटपली की अर्धा तास, आणि चौथ्या दिवशी नाटकच गायब. सर्च केलं तर नाव येतंय, फोटो येतोय, दाबलं की उपलब्ध नाही. वर्षाचे पैसे आधीच भरलेले. त्यांचा कुणाशी तरी करार संपला असणार, पण ते काय आपल्याला सांगायला येतायत. बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "माळ्यावर डब्यात आहे ते. प्लेअर मात्र भंगारवाल्याला दिलात तुम्ही." तुम्ही म्हणजे मी आणि आई. हे वाक्य तेव्हापासून रोज ऐकतेय.

डबा म्हणजे बिस्किटांचा पत्र्याचा मोठा डबा, त्यात ४१ डिस्क, प्रत्येक कव्हरवर बाबांनी बॉलपेनने तारीख आणि किंमत लिहिलेली. बऱ्याच जणींवर २८ रु. ही मोझर बेअर या सीड्या काढणाऱ्या कंपनीची कृपा, त्यांनी २००७ च्या सुमाराला २८ ला व्हीसीडी (व्हिडिओ सीडी) आणि ३४ ला डीव्हीडी काढली, तेव्हा आमचे बाबा भाजी आणायला गेले तरी पिशवीत एक सीडी घेऊन यायचे. पुढे २०१८ ला कंपनी लिक्विडेशनमध्ये (म्हणजे गुंडाळायला) गेली, त्यांच्या सीड्या मात्र आमच्याकडे अजून फिरतायत.

तर रायटर. पहिली गोष्ट, टीव्हीच्या यूएसबीला लावून काही होत नाही, टीव्हीला पेनड्राइव्ह कळतो, हा प्रकार कळत नाही. निदान आमच्या टीव्हीला नाही कळला. लॅपटॉपला लावायचा आणि तिथून एचडीएमआय केबलने टीव्हीला. दुसरं, केबलला दोन तोंडं असतात, एक डेटाचं आणि एक जास्तीच्या करंटसाठी, दोन्ही लावा. मी एकच लावलं तर डिस्क फिरायची, थांबायची, परत फिरायची, टक टक आवाज, मी दोन दिवस डिस्कलाच दोष देत बसले. तिसरं, डिस्क नुसती ट्रेमध्ये ठेवून चालत नाही, मधल्या बोंडावर दाबून खट्ट व्हायला पाहिजे. सॉफ्टवेअर व्हीएलसी टाकलं, फुकट आहे आणि व्हीसीडी, डीव्हीडी दोन्ही लावतं. आवाज करतो, मिक्सरइतका नाही पण शांत सीनमध्ये जाणवतो.

पिक्चर क्वालिटीबद्दल अपेक्षाच ठेवू नका. व्हीसीडी म्हणजे ३५२ बाय २८८ पिक्सेल, आजच्या टीव्हीवर नटांच्या मिशा आणि नाक एकत्र होतात. डीव्हीडी बरीच बरी. पण नाटकाला चालून जातं हो, ऐकायचंच असतं जास्त. तिसरी घंटा ऐकू येते, पुढच्या रांगेत कुणीतरी खोकत असतं ते सुद्धा येतं. आणि व्हीसीडीत तासभराच्या थोडंच वर मावतं, मग डिस्क संपते ती हमखास वाक्याच्या मध्यात, मी दुसरी लावेपर्यंत आई उरलेलं वाक्य म्हणून मोकळी.

आता खरं सांगायचं तर डिस्क म्हणजे अमरपट्टा नाही. ४१ पैकी ५ गेल्या. दोन प्लॅस्टिकच्या कव्हरला चिकटून, तीन ओरखड्यांनी. पुसताना गोल गोल पुसू नका, मधून कडेकडे सरळ पुसा, मऊ सुती कापडाने, त्यातून एक परत जिवंत झाली. बाकीच्या चालू आहेत तोवर मी कॉपी करून ठेवतेय: व्हीसीडीत एमपीईजीएव्ही नावाचं फोल्डर असतं, त्यातली मोठी डॅट फाइल हार्डडिस्कवर घ्यायची, व्हीएलसीत तशीच लागते. एका डिस्कला पाच-दहा मिनिटं, ओरखडे असले तर अर्धा तास आणि शेवटी एररच.

सबस्क्रिप्शन बंद केलं का, तर नाही. क्रिकेट आहे, नवीन सिरीज आहेत, एकदा बघून विसरायच्या गोष्टींना मी डिस्क कुठे घेत बसू. पण ॲपवर 'खरेदी करा' असं बटण दिसलं की आता हात आखडतो. कॅलिफोर्नियात तर १ जानेवारी २०२५ पासून कायदाच आहे, की नुसतं लायसन्स (म्हणजे बघायची परवानगी) देताय तर ते गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा, खरेदी म्हणून खपवू नका. आपल्याकडे कोण सांगतंय.

रायटरला ५ पैकी साडेतीन. केबल वीतभरच आहे म्हणून अर्धा कापला, टीव्हीचं खोक्यावर लिहिलं नव्हतं म्हणून एक.

आणि हो, आईचं ते अर्धं राहिलेलं नाटक. कव्हर सापडलं, तारीख आहे, २८ रु. आहे, पहिली डिस्क आहे. दुसरीच्या जागी कुणाच्या तरी मुंजीची सीडी. आई म्हणते समोरच्या काकूंनी नेली होती, त्या बदलापूरला राहायला गेल्या त्यालाच बारा वर्षं झाली. बाबा म्हणतायत फोन लाव.