पॅरेंटहूड: सेकंड बेसवरचं पोरगं आणि आमचा गोली

रविवारी पोरं झोपल्यावर रॉन हॉवर्डचा 'पॅरेंटहूड' लावला. १९८९ चा सिनेमा. अमेरिकेतली चार भावंडं, त्यांची पोरं आणि सगळ्यांचा हेकट म्हातारा बाप. शेजारी आई बसलेली. तिला इंग्रजी येत नाही, म्हणून मी मधेमधे मराठीत सांगत होतो.

स्टीव्ह मार्टिन गिल झालाय. त्याचा थोरला केविन जरा घाबरट. बेसबॉलमध्ये बापानं त्याला सेकंड बेसवर, म्हणजे फिल्डिंगच्या एका जागेवर, उभं केलंय आणि पोरगं झेल सोडतं. लगेच गिलच्या डोळ्यांसमोर मोठा झालेला केविन येतो. मनोऱ्यावर चढून गोळ्या झाडतोय आणि ओरडतोय, बापानं मला सेकंड बेसवर खेळवलं! मी हसता हसता गप्प झालो. बेसबॉल मला अजून कळत नाही, पण गेल्या सीझनला आमच्या गोलीच्या, म्हणजे फुटबॉलमध्ये गोलकीपर असलेल्या आमच्या पोराच्या, दोन पायांमधून बॉल गेला, तेव्हा कोल्हापूरच्या गांधी मैदानाच्या कडेला उभा राहून मीही त्याच्या दहावीपासून लग्नापर्यंत सगळ्याची वाट लावून मोकळा झालो होतो. पेठेत फुटबॉल म्हणजे काय, ते सांगायला नको. पोरगं दहा मिनिटांत निवांत वडापाव खात होतं.

केविनची दातांची क्लिप हॉटेलच्या कचऱ्यात जाते. आमच्याकडे चष्मा होता, रंकाळ्यावर भेळेच्या कागदाबरोबर गेलेला. बायकोनं कचऱ्याचा डबा उपडा केला. मी ओळखीचं कोण बघत नाही ना, ते बघत होतो.

डायान वीस्टची हेलन, म्हणजे गिलची बहीण, झकास, ऑस्करचं नामांकन उगाच नाही. तीन वर्षांच्या पोरीला वर्गमूळ शिकवणारा बाप हल्ली आपल्याकडेही भेटतो. शेवट मात्र गोडमिट्ट. सगळ्यांना दवाखान्यात गोळा करून बाळं दाखवायची काही गरज नव्हती. आणि हेलनच्या घरी लाईट जाते, तो प्रसंग वडीलधाऱ्यांसोबत बघू नका. आईनं विचारलं, "का हसालेत सगळी?" म्हटलं, "लाईट गेली."

गिलची आजी रोलरकोस्टरची गोष्ट सांगते. नुसत्या गोल फिरणाऱ्या पाळण्यापेक्षा तिला पोटात गोळा आणणारं तेच आवडायचं. गिलची बायको भारावते. गिल म्हणतो, एवढी शहाणी आहे, तर शेजाऱ्यांच्या गाडीत का जाऊन बसलीय?

आईला हे सांगितलं. पदर तोंडाला लावून हसली.

"म्हातारी बरोबर बोलली बघ," म्हणाली. "पर गाडीपतुर सोडायला कुणी संगं जायला नको व्हय?"